महिनाअखेर आणि तालीम

जूनमध्ये प्रवेशांची धावपळ सुरू झाली की पालकांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं, “हिला नाटकाचं वेड आहे, पण पोटापाण्याचं काय?” नाटकाच्या जागी कधी गाणं असतं, कधी क्रिकेट, कधी सह्याद्रीतली भटकंती. मुलीने मार्केटिंगमध्ये एमबीए करायचं मनाशी ठरवलेलं असतं आणि त्यालाही घरून अर्धीच संमती असते, कारण मार्केटिंग म्हणजे खांद्याला बॅग लावून दुकानोदुकानी फिरणं ही समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. म्हणजे काळजी दुहेरी, नोकरीचीही आणि नाटकाचीही. या दोन्ही गोष्टी एका आयुष्यात बसवता येतात, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी नोकरी निवडताना पगाराच्या आकड्याइतक्याच बारकाईने तिचं वर्षभराचं वेळापत्रक पाहावं लागतं. ते पाहणारे विद्यार्थी मला फार थोडे भेटतात.

मार्केटिंग ही एक नोकरी नाही, एका छताखालच्या पाच-सहा वेगवेगळ्या नोकऱ्या आहेत. साबण, बिस्किटं, खाद्यतेल विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांत एमबीए झालेल्या मुलाची सुरुवात बहुधा विक्रीपासूनच होते. त्याच्या हाताखाली काही जिल्ह्यांतले वितरक, त्या वितरकांचे सेल्समन आणि ठरलेल्या वारी ठरलेल्या दुकानांची ‘बीट’ येते. हिंदुस्तान युनिलिव्हरसारख्या कंपनीत तर प्रशिक्षणाच्या काळात काही आठवडे खेड्यात राहावं लागतं. आपला माल शेवटी कोण वापरतं, कसा वापरतं, आठ आण्यांनी किंमत वाढली की कोण तो सोडून देतं, हे वातानुकूलित खोलीत बसून कळत नाही, म्हणून ही पद्धत. पहिल्या पोस्टिंगला घरापासून लांब जावं लागेल हे धरूनच चालावं. मुलगा पुण्याचा असला तरी गाव रायपूर असेल, गोरखपूर असेल, नाही तर आपल्याकडचंच नांदेड असेल.

या नोकरीत महिन्याचे पहिले पंधरा दिवस बरे जातात. विसाव्या तारखेनंतर फोन वाढतात आणि शेवटच्या चार दिवसांत टार्गेटशिवाय दुसरा विषय नसतो. तिमाहीच्या शेवटी ताण दुप्पट, मार्चमध्ये तर विचारूच नका. महिन्याच्या 29 तारखेला प्रयोग लावून सेल्समधल्या नटाला बोलावणारा दिग्दर्शक आणि तो प्रयोग स्वीकारणारा नट, दोघंही स्वतःवर अन्याय करतात. तोच प्रयोग 8 तारखेला लागला तर कुणाला काही अडचण नसते. इतकी साधी गोष्ट आहे, पण ती माहीत नसल्यामुळे कित्येक जण नोकरीच्या पहिल्याच वर्षी आता आपलं नाटक संपलं असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

उद्योगागणिक हंगामही बदलतो. पंखे, एसी, आइस्क्रीम, थंड पेयं यांची लढाई फेब्रुवारी ते जून. बी-बियाणं आणि खतांच्या कंपन्यांत खरिपाच्या आधीचे मे आणि जून म्हणजे युद्धाचे दिवस. वह्या-पुस्तकं, शालेय साहित्य यांचाही हंगाम तोच. रंग, कपडे, टीव्ही, फ्रिज यांना गणपतीपासून दिवाळीपर्यंत उसंत नाही. विमा आणि करबचतीच्या योजना विकणाऱ्यांचा जानेवारी ते मार्च. आता तुमच्या आवडीचं कॅलेंडर याच्या शेजारी ठेवून पाहा. राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी गटाच्या प्राथमिक फेऱ्या साधारण नोव्हेंबरपासून रंगतात, त्यामुळे तालमी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच येणार. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव डिसेंबरात. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत, म्हणजे लांब पल्ल्याचा सराव ऑक्टोबरपासून. 1948 पासून चालत आलेली मुंबईची कांगा क्रिकेट लीग भर पावसाळ्यात खेळतात. आषाढी वारी जून-जुलैत. हौशी नटाने रंगाच्या कंपनीत सेल्सची नोकरी घेतली तर दरवर्षी तालमी आणि दिवाळीचा हंगाम एकमेकांवर आदळतील. पावसाळी ट्रेकिंगचं वेड असलेल्या मुलाला बियाण्यांची कंपनी जूनभर हलू देणार नाही, पण एसीच्या कंपनीत जुलै-ऑगस्ट त्याला बऱ्यापैकी मोकळे सापडतील. मुलाखतीच्या शेवटी “तुम्हाला काही विचारायचंय?” असं विचारतात, तेव्हा बहुतेक मुलं मान हलवून उठतात. तेव्हा विचारावं: वर्षातले सर्वांत गर्दीचे महिने कोणते? पहिलं पोस्टिंग साधारण कुठे असतं? शनिवारी काम असतं का? असे प्रश्न विचारल्याने उमेदवार आळशी दिसत नाही, त्याला धंद्याची जाण आहे असंच समोरच्याला वाटतं.

विक्रीत दोन-तीन वर्षं काढल्यावर अनेक जण ब्रँडच्या कामाकडे येतात. हे पद प्रॉक्टर अँड गँबलमधल्या नील मॅकलरॉय यांच्या 1931 सालच्या एका टिपणापासून रूढ झालं असं मानतात. कंपनीच्या एकाच थोरल्या साबणाकडे सगळ्यांचं लक्ष आणि आपल्याकडच्या ‘कॅमे’ साबणाला वाली कुणी नाही, हे पाहून त्यांनी सुचवलं की प्रत्येक ब्रँडची जबाबदारी घेणारा एक माणूस हवा. आजचा ब्रँड मॅनेजर तेच करतो. वेष्टन, किंमत, जाहिरात, संशोधन, नफा-तोटा सगळं त्याच्या गळ्यात. कामाचे तास लांब असतात, पण बरंचसं काम ऑफिसात, एका शहरात आणि आधी ठरलेल्या तारखांना होतं. ज्याचा गुरू किंवा नाट्यसंस्था एका शहरात आहे, त्याला विक्रीपेक्षा हे काम मानवतं. जाहिरात एजन्सीत उलट. तिथली माणसं तुमच्या आवडीची असतात, चर्चा रंगतात, पण गिऱ्हाइकाने शुक्रवारी संध्याकाळी बदल सांगितले तर शनिवार-रविवार गेले. सोशल मीडिया सांभाळणाऱ्यांना तर सामना, सण, सेल काहीच चुकत नाही. कलावंत मुलांना एजन्सीतली नोकरी सर्वांत आकर्षक वाटते आणि माझ्या मते आवडीचा वेळ सर्वांत जास्त तीच खाते.

ज्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही तो भाग म्हणजे उद्योगांनी उद्योगांना माल विकणं. पंप, बेअरिंग, रसायनं, मशीन टूल्स. पिंपरी-चिंचवड, चाकण, अंबड, वाळूज, शिरोली इथल्या औद्योगिक वसाहतींत अशा कंपन्या आहेत. गिऱ्हाइकं मोजकी असतात, एक सौदा व्हायला महिनोन्महिने लागतात, प्रदर्शनांच्या तारखा वर्षभर आधी माहीत असतात. झगमगाट नाही, नातेवाइकांना कंपनीचं नाव ठाऊक नसतं, त्यामुळे कॅम्पसवर मुलं नाक मुरडतात. पण यंत्र समजून घेऊन त्याच्याबद्दल सोप्या भाषेत लिहू शकणारा, कारखान्यात जाऊन इंजिनिअरशी बोलू शकणारा माणूस तिथे फार मोलाचा ठरतो, आणि त्याच्या संध्याकाळी बऱ्याच अंशी त्याच्याच राहतात. इंजिनिअरिंग करून मार्केटिंगकडे वळणाऱ्या मुलांनी हा पर्याय पहिल्या तिनांत ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

“हे सगळं जमलेलं कुणी आहे का?” असं पालक विचारतात, आणि त्यांना तो हक्क आहे. मुंबईच्या जाहिरात जगाचा इतिहास अशा माणसांनी भरलेला आहे. अलेक पदमसी लिंटासचे प्रमुख होते. लिरिलची धबधब्यातली मुलगी, सर्फची ललिताजी, ‘हमारा बजाज’ या सगळ्यांमागे ते होते, आणि त्याच वर्षांत ते मुंबईत इंग्रजी नाटकं बसवत होते. रिचर्ड अ‍ॅटनबरोंच्या 1982 च्या ‘गांधी’ चित्रपटात जीनांची भूमिकाही त्यांनी केली. आपल्या आत्मकथनाला त्यांनी ‘अ डबल लाइफ’ असं नाव दिलं. आर. बाल्की लोव लिंटासमध्ये मोठ्या पदावर असतानाच ‘चीनी कम’ (2007) आणि ‘पा’ (2009) दिग्दर्शित करत होते. कंपनी त्यांनी सोडली ती 2016 मध्ये. ओगिल्व्हीचे पीयूष पांडे राजस्थानकडून रणजी क्रिकेट खेळले, चहाची चव पारखण्याची नोकरी केली आणि 1982 मध्ये एजन्सीत आले ते लेखक म्हणून नव्हे, गिऱ्हाइकांची कामं सांभाळणारा माणूस म्हणून. लेखनाकडे ते नंतर सरकले. पहिलं टेबल आयुष्यभराचं नसतं, हे पालकांनी यातून जरूर घ्यावं.

मला मात्र या सगळ्यांपेक्षा अरुण कोलटकरांचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. कोल्हापूरचे कोलटकर मुंबईला जे. जे.मध्ये शिकले आणि पुढे जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक, ग्राफिक डिझायनर म्हणून पोट भरलं. ते काम त्यांनी उरकून टाकलं नाही. कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्डचा, म्हणजे ‘कॅग’चा पुरस्कार त्यांनी सहा वेळा मिळवला. इकडे कविता चालूच होती. इंग्रजी ‘जेजुरी’ 1976 मध्ये पुस्तकरूपाने आली, पुढच्याच वर्षी तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा मराठी संग्रह निघाला. पुढचे मोठे संग्रह यायला 2003-04 उजाडलं. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा ते हयात नव्हते. घाई त्यांनी कधीच केली नाही. काळा घोड्याजवळच्या वेसाइड इन या हॉटेलात दर गुरुवारी ते मित्रांसोबत बसत; खिडकीतून दिसणारा तो चौकच पुढे त्यांच्या कवितांचं एक पुस्तक झाला. नोकरी उत्तम करायची, कविता तिच्यावर न लादता आपल्या गतीने वाढू द्यायची आणि आठवड्यातला एक वार कुणालाही द्यायचा नाही, एवढं त्यांच्याकडून शिकता येईल. कवितेने घरभाडं द्यावं अशी अट नव्हती, म्हणून तिला पंचवीस वर्षं थांबता आलं.

नोकरीतून बाहेर पडलेले आहेतच. हर्षा भोगले हैदराबादच्या मराठी घरातले. केमिकल इंजिनिअर झाले, आयआयएम अहमदाबादमधून व्यवस्थापन शिकले, जाहिरात एजन्सीत काम केलं. पण आकाशवाणीवर क्रिकेटचं समालोचन त्यांनी एकोणिसाव्या वर्षीच सुरू केलं होतं. नोकरी सोडताना ते अंधारात उडी घेत नव्हते. ते काम आपल्याला जमतं आणि लोकांना ते ऐकायला आवडतं याचा पुरावा त्यांच्या हाती आधीच होता. गायक डॉ. वसंतराव देशपांडे यांनी तर लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं कारकुनी केली. ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आलं 1967 मध्ये, त्यांच्या वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षी. मुलगा पंचविसाव्या वर्षी “मला नोकरी सोडायची आहे” म्हणाला तर आईवडिलांनी रडारड करू नये आणि लगेच होकारही देऊ नये. शांतपणे विचारावं: बाहेरच्या माणसांनी पैसे देऊन तुझं काम किती वेळा बघितलंय? वर्षभराचा खर्च बाजूला आहे का? दोन्हींची उत्तरं नीट आली तर अडवू नये.

आवड टिकवण्याबाबत एक अनुभव वारंवार येतो. एकट्याने करायच्या गोष्टी नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत विझतात, आणि जिथे दुसरं कुणी वाट बघत असतं त्या टिकतात. घरी ठेवलेला तबला धूळ खातो. पण बुधवारी रात्री आठला साथीला बस असं सांगणारी गायिका असेल तर माणूस ट्रॅफिकमधून धडपडत पोहोचतो. म्हणून नव्या गावी बदली झाली की भाड्याचं घर शोधताना तिथलं नाट्यमंडळ, भजनी मंडळ, धावण्याचा ग्रुप, वाचनालय हेही पहिल्याच महिन्यात शोधावं. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद इथे मराठी माणसांच्या जुन्या संस्था आहेत. बंगळुरू-दिल्लीतही महाराष्ट्र मंडळं आहेत. आणि साहेबाला सुरुवातीलाच सांगून ठेवावं, “बुधवारी साडेसहाला मी निघतो, बाकी दिवस हवं तेवढं थांबेन.” लपवून पळणाऱ्याबद्दल संशय येतो, सांगून जाणाऱ्याला बहुतेक साहेब सांभाळून घेतात. जे घेत नाहीत, त्यांच्याकडे फार काळ राहू नये.

आता नेमणूकपत्राविषयी, आणि इथे मी थोडी आग्रही होणार आहे. पगाराचं पान पाहून बाकीची पानं न वाचता सही करणं अगदी सर्रास चालतं. त्या बाकीच्या पानांत तीन कलमं असतात. एक, बाहेरचं सशुल्क काम करायला कंपनीची लेखी परवानगी हवी. दोन, कंपनीच्या हिताशी टक्कर होईल असं काही करायचं नाही. तीन, नोकरीत असताना तुम्ही जे निर्माण कराल त्याची मालकी. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 17 व्या कलमानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनीच असते. तुम्ही कंपनीसाठी लिहिलेली जिंगल तुमची नाही, हे ठीकच आहे. पण काही करारांची भाषा इतकी पसरट असते की घरी लिहिलेल्या नाटकावरही शंका यावी. अशा वेळी सहीआधी एक साधा ईमेल करावा: मी कविता लिहिते, नाटकात काम करते, माझं हे-हे लेखन आधीचं आहे, पुढेही ते सुट्टीच्या वेळेत चालू राहील, आपली हरकत नसल्याचं कळवावं. उत्तर जपून ठेवावं. कंपनीच्या लॅपटॉपवर आपलं काहीही लिहू नये, आपल्या कार्यक्रमाची पोस्टर ऑफिसच्या प्रिंटरवर काढू नयेत. 2022 मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी गुपचूप काम करणाऱ्या 300 कर्मचाऱ्यांना काढलं, त्याच वर्षी स्विगीने मात्र काही अटींवर बाहेरच्या कामाला मुभा देणारं धोरण जाहीर केलं. म्हणजे सरसकट नियम नाही, तुमच्या कंपनीचं धोरण तुम्हालाच वाचावं लागेल. यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामवर चॅनल असेल तर आणखी सावध राहा. दिवसा शांपू विकणाऱ्याने रात्री दुसऱ्या कंपनीच्या शांपूची स्तुती पैसे घेऊन करायची नाही. कार्यक्रमाचं मानधन मिळालं तर ते आयकर विवरणात दाखवायचं, रक्कम कितीही लहान असली तरी.

आवडीचा नोकरीला फायदा होतो का? होतो. तालमीत आवाज कमावलेली मुलगी पन्नास वितरकांसमोर उभी राहताना डगमगत नाही. मराठी चांगलं लिहिणाऱ्याला तर आज मागणीच आहे. हिंदी-इंग्रजी जाहिरातींची मराठी भाषांतरं वाचताना आपल्या सगळ्यांच्याच कपाळाला आठ्या पडतात, आणि ती दुरुस्त करू शकणारी माणसं कंपन्यांना मिळत नाहीत. तरीही मुलांना मी सांगते, आवडीला सीव्हीची ओळ समजून वागवू नका. कथक शिकणारी मुलगी ‘यातून माझं नेतृत्वकौशल्य विकसित झालं’ असं लिहिते तेव्हा मला वाईट वाटतं. कथक कथकसाठी शिकावं.

राहिला अभ्यासक्रमाचा प्रश्न, तो थोडक्यात. मार्केटिंगला कला, वाणिज्य, विज्ञान कोणतीही शाखा चालते. साहित्य, मानसशास्त्र, अर्थशास्त्र शिकलेली मुलं इथे उत्तम काम करतात. आयआयएमसाठी कॅट, जी साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुणे विद्यापीठाचं पुम्बा यांसाठी राज्याची एमबीए सीईटी. पदवीला खुल्या गटात 50 टक्के आणि राज्यातल्या राखीव गटांत 45 टक्के लागतात. जाहिरात आणि संवादाकडे ओढा असेल तर अहमदाबादचं मायका, चित्रकलेचा हात असेल तर जे. जे.चं उपयोजित कला महाविद्यालय. खासगी संस्था निवडताना कर्जाचा हप्ता कागदावर मांडून पाहा. हप्ता पगाराच्या निम्म्यावर गेला की बदली नाकारणं, नोकरी बदलणं, वर्षभर थांबणं हे सगळे दरवाजे बंद होतात, आणि आवडीचा पहिला बळी तिथे जातो. सरकारी आणि विद्यापीठाच्या संस्थांची फी बऱ्याच खासगी संस्थांच्या मानाने कमी असते, हे केवळ बचतीचं नव्हे, स्वातंत्र्याचं गणित आहे.

शेवटी पालकांना एक विनंती. दहावीचं वर्ष आलं की पेटी, तबला, भरतनाट्यम, चित्रकला सगळं ‘दोन वर्षांपुरतं’ बंद करायची पद्धत आपल्याकडे पडली आहे. मग बारावी येते, मग सीईटी, मग कॅट, आणि ती दोन वर्षं कधीच संपत नाहीत. राज्य सरकारसुद्धा चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना आणि शास्त्रीय कलांना दहावीला वाढीव गुण देतं; घराने तरी त्याहून कमी मान का द्यावा? तास कमी करा, परीक्षा पुढे ढकला, स्पर्धा सोडा, पण आठवड्यातला एक दिवस ठेवा. तेविसाव्या वर्षी अनोळखी गावातल्या पहिल्या नोकरीत वेळ कसा काढायचा, हे मुलाला पंधराव्या वर्षी घरीच शिकवावं लागतं. यंदा ज्यांची मुलगी दहावीत गेली आहे, त्यांनी क्लासच्या बाईंना फोन करून एवढंच सांगावं की ती शनिवारी येत राहील.